आपला प्रहर कोणता?

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

लालबागच्या आमच्या चाळीत फार थोड्या घरांत घड्याळ होते. त्याची कुणाला फारशी गरजही भासत नसे. गिरणीचा भोंगा झाला की माणसे उठत, दुसरा भोंगा झाला की निघत आणि पाळी सुटल्याचा भोंगा झाला की बायका चुलीवर तवा ठेवत. माझे वडील साचेखात्यात होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. मूळ गाव साताऱ्याकडचे. १९४६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते गिरणीत लागले. त्यांची पाळी महिन्याने बदलायची. एक महिना पहिली, एक महिना दुसरी, एक महिना रातपाळी.

दहा बाय बाराची खोली आणि एकच दिवा. दादांची पहिली पाळी असली की नऊ वाजता दिवा मालवायचा. आणि माझे डोके नेमके नऊनंतर चालू लागायचे! सकाळी कितीही वाचले तरी पानावरून नजर घसरत जाई. रात्री तोच धडा एका वाचनात डोक्यात बसे. म्हणून मी पुस्तक घेऊन बाहेर गॅलरीतल्या दिव्याखाली बसायचो. सकाळी साहजिकच उठायला उशीर व्हायचा. दादा म्हणायचे, "ऊठ की रं! पहाटेची अक्कल रात्री येत न्हाई." मी मनातल्या मनात स्वतःला आळशी म्हणवून घेई. जवळजवळ चाळीस वर्षे मी स्वतःला आळशीच समजत होतो.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. माणसाच्या दिवसावर मालकी कुणाची, हा प्रश्न मला इतिहासात पुन्हापुन्हा भेटत राहिला. आज त्याविषयीच थोडे बोलायचे आहे. 'वेळेचे नियोजन' हा हल्ली परवलीचा शब्द झाला आहे. महत्त्वाचे काम आधी करा, अंगात उत्साह असेल त्या वेळी करा, असे आपल्याला सांगितले जाते. सल्ला खरा आहे. पण त्याला एक इतिहास आहे आणि तो ठाऊक असला तर सल्ल्याचे मोल अधिक कळते.

आपल्याकडे दिवस मोजायची जुनी रीत घटिकांची. अहोरात्रीच्या साठ घटिका. एक घटिका म्हणजे आजची चोवीस मिनिटे. दोन घटिकांचा एक मुहूर्त. तांब्याच्या वाटीला तळाशी बारीक भोक पाडून ती पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवायचे, ते हेच. याच्या जोडीला आठ प्रहर होते, चार दिवसाचे आणि चार रात्रीचे. यातली गंमत अशी की दिवसाचे प्रहर सूर्योदय ते सूर्यास्त असे मोजले तर ते उन्हाळ्यात लांबतात आणि हिवाळ्यात आखडतात. म्हणजे काळाचे माप सूर्याबरोबर ताणले-आटवले जाई. शिवाय प्रत्येक प्रहराचा स्वभाव वेगळा मानलेला. आपल्या संगीतात भैरव सकाळचा आणि यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, ही वाटणी रेडिओ ऐकणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

वैद्यकातही हा विचार होता. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या आरंभीच ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितले आहे. पण तिथे एक शब्द आहे, तो आपण सोयीने विसरतो. हा उपदेश 'स्वस्थ' माणसाला, म्हणजे निरोगी माणसाला केलेला आहे. त्याच ग्रंथात दिवसाच्या आरंभी कफ, मध्ये पित्त आणि शेवटी वात प्रबळ असतो, असेही म्हटले आहे. आजच्या शास्त्राशी हे शब्दशः जुळवायचा खटाटोप मी करणार नाही. इतकेच म्हणेन, की सगळा दिवस सारखा नसतो आणि सगळी माणसे सारखी नसतात, ही जाण आपल्याकडे जुनीच आहे.

ब्राह्ममुहूर्त म्हटले की आपल्याला स्नानसंध्या करणारे पुरुष आठवतात. पण त्या वेळी घरात सर्वांत आधी कोण उठे? बाई उठे. दिवसाचे दळण पहाटे दळायचे. जात्याच्या त्या तासा-दोन तासांत तिने ओव्या रचल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यांतून हेमा राइरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ती वेळ कष्टाची होती, पण दिवसभरात कुणी हाक न मारणारी तेवढी एकच वेळ तिच्या वाट्याला येई. माझी आई चाळीत आली, जाते गावी राहिले. पिठाची गिरणी आली ही सुटकाच. पण चाळीत पहाटे चारला नळाला पाणी येई, म्हणून ती पहाटही गेली. तिची स्वतःची वेळ दुपारी दोन ते साडेतीन. त्या दीड तासात ती गोधडी शिवे आणि कुणाशी फार बोलत नसे. तो तिचा प्रहर होता, हे मला फार उशिरा कळले.

आता घड्याळाकडे वळू. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. शहराला दुरून दिसेल आणि ऐकू येईल असे घड्याळ मिळाले. पण वेळ कुठली? तेव्हा मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्यांना एक प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. ३९ मिनिटांत असे काय मोठे, असे आपल्याला वाटेल. गिरणी कामगाराच्या जागी उभे राहून पाहा. गिरणी नव्या घड्याळाच्या सहाला सुरू होणार, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी. तेवढी झोप कमी. त्याच जानेवारीत या बदलावरून गिरणी कामगारांचा असंतोष उसळला होता. मुंबईच्या नगरपालिकेनेही हा बदल मानला नाही आणि १९५०च्या सुमारापर्यंत आपल्या कारभारात जुनी मुंबईची वेळ चालवली. एका शहरात दोन वेळा! लोकांना कटकट झाली असेल, पण त्यामागे एक भावना होती. आपला दिवस कुठे सुरू व्हायचा, हे दुसऱ्याने का ठरवावे?

हा प्रश्न मुंबईत त्याआधी वीस वर्षे एका माणसाने फार नेमकेपणाने विचारला होता. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. तेव्हापासून कामाचे तास म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. विजेचा दिवा नव्हता, म्हणून निदान सूर्य मावळल्यावर तरी सुटका होई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. दुपारी भाकरीसाठी ठरलेली वेळ नाही. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या, ते पाहण्यासारखे आहे. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत.

नीट पाहिले तर पगाराची मागणी नंतर येते, आणि तीही वाढीची नाही, वेळेवर मिळण्याची. आधीच्या तिन्ही मागण्या दिवसाविषयीच्या आहेत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दिवसातली अर्ध्या तासाची विश्रांती आली. आज आपण रविवारी निवांत चहा पीत ही पुरवणी वाचता आहात. तो निवांतपणा कुणीतरी सह्या गोळा करून मिळवलेला आहे.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा आधार गेला. १९०५च्या सुमारास तेजीच्या दिवसांत काही गिरण्या चौदा-चौदा तास चालल्या. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांचे तास बारावर आले, १९२२ला अकरा, १९३४ला दहा आणि १९४६ला आठवड्याचे अठ्ठेचाळीस. दादा नेमके त्याच वर्षी कामाला लागले. ते आठ तासांच्या पिढीतले. आठ तास काम, आठ तास झोप, उरले आठ. कागदावर हिशेब चोख बसतो. पण ते आठ तास दिवसाच्या कुठल्या भागातले, हे तो हिशेब सांगत नाही.

इथे मला बेंजामिन फ्रँकलिनची आठवण येते. लवकर निजण्या-उठण्याची जी म्हण आपण शाळेत पाठ केली, ती जगभर पोहोचवण्यात त्याच्या पंचांगाचा मोठा वाटा. आत्मचरित्रात त्याने आपल्या दिवसाचा तक्ता दिला आहे. पहाटे पाचला उठायचे, आज कोणते चांगले काम करायचे हे ठरवायचे, आठला काम, दुपारी जेवण आणि हिशेब, पुन्हा काम, संध्याकाळी सगळ्या वस्तू जागेवर ठेवून संगीत नाहीतर गप्पा, दहाला झोप. तक्ता सगळे सांगतात. पण पुढे त्याने दिलेली कबुली कुणी सांगत नाही. सगळ्या सद्गुणांत 'टापटीप' हाच आपल्याला सर्वांत जड गेला, असे तो लिहितो. छापखान्यातला साधा कारागीर असा तक्ता पाळू शकेल, कारण त्याची वेळ त्याच्या हातात असते. मालकाला ते जमत नाही, कारण लोक त्याच्याकडे त्यांच्या सोयीने येतात. फिलाडेल्फियातल्या मालकाचे हे गाऱ्हाणे मी प्रथम वाचले तेव्हा हसू आले. मुंबईत सगळे उलटे होते. इथे कारागिराच्या हातात काहीच नव्हते.

ज्याची वेळ खरोखरच स्वतःच्या हातात होती, पण अंगात शक्ती नव्हती, असा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. १८४२ पासून तो डाउन या खेड्यात राहिला. प्रकृती कायम बिघडलेली. कित्येक दिवस तर काम अजिबात होत नसे. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. न्याहारीपूर्वी थोडे फिरणे, मग आठ ते साडेनऊ काम. ही दीड तासाची वेळ डार्विन आपली उत्तम वेळ मानत असे. त्यानंतर टपाल आणि घरच्यांशी गप्पा. साडेदहा ते बारा पुन्हा काम. मग तो समाधानाने म्हणे की आजचे काम चांगले झाले. दुपारी फिरणे, वर्तमानपत्र, पत्रोत्तरे, विश्रांती आणि संध्याकाळी जमले तर तासभर काम. म्हणजे दिवसाचे खरे काम तीन-चार तासांचे! त्यातून १८५९ साली जगाचा विचार बदलणारे पुस्तक निघाले. त्याचा अर्थ सर्वांनी तीनच तास काम करावे असा नव्हे. डार्विनला पोटापाण्याची चिंता नव्हती आणि घरात नोकरचाकर होते. पण टपाल त्याने उत्तम वेळेत उघडले नाही, एवढी गोष्ट आपल्यालाही उचलता येईल.

उत्तम वेळ सर्वांची एकच असते का? याचे उत्तर शास्त्राने हळूहळू दिले. १७२९ साली द मैराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने वेळेवर मिटत आणि उघडत राहिली. घड्याळ झाडाच्या आत होते. १९३८ साली अमेरिकेतल्या नॅथनिएल क्लाइटमन या प्राध्यापकाने आपल्या ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याबरोबर केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस काढले. तिथे ऊन नाही, आवाज नाही, थंडी कायम सारखी. त्यांनी २८ तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा ठरवला. विद्यार्थ्याच्या शरीराचे तापमान काही दिवसांतच नव्या दिवसाप्रमाणे चढू-उतरू लागले. चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांचे शरीर मात्र चोवीस तासांनाच चिकटून राहिले. एक गुहा, एक वेळापत्रक, पण दोन माणसे आणि दोन तऱ्हा.

याच क्लाइटमन यांनी दाखवून दिले होते की शरीराचे तापमान दिवसभरात जसे चढते-उतरते, तशीच साध्या कामांतली चपळाईही चढते-उतरते. १९७६ साली हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी माणूस सकाळचा की संध्याकाळचा हे ठरवणारी प्रश्नावली तयार केली. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, हे उलगडल्याबद्दल २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही तऱ्हा बऱ्याच अंशी जन्मजात असते. ती वयाप्रमाणे सरकतेही. कोवळ्या वयात झोप उशिराकडे सरकते, म्हातारपणी लवकरकडे. गॅलरीतल्या दिव्याखाली बसणारा तो पोरगा आळशी नव्हता आणि पहाटे उठणारे दादाही हट्टी नव्हते. दोघांची घड्याळे वेगळी होती. खोली मात्र एकच होती.

शास्त्राने आणखीही एक गोष्ट सांगितली. कायम बदलत्या पाळ्या आणि रातपाळी शरीराला मानवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रातपाळीचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' गोष्टींत केला. रातपाळीच्या महिन्यात दादा दिवसा डोळ्यांवर फडके बांधून पडत आणि आम्ही पोरे कुजबुजत जेवत असू. तो चिडका महिना असे. गिरणीतले काम तेच, मजुरी जवळपास तीच, पण माणूस निराळा होई.

आता थोडे व्यवहाराचे. माझ्याही नोकरीची पहिली वीस वर्षे मी एक चूक केली. मला लोखंड्यांच्या काळावर एक दीर्घ लेख लिहायचा होता. रात्रीची माझी उत्तम वेळ मी हजेरीपटांच्या बेरजा आणि उत्तरपत्रिका तपासण्यात घालवी आणि लेखनासाठी पहाटे पाचचा गजर लावी, कारण मोठी माणसे पहाटे उठतात असे मनावर बिंबले होते. पहाटे मी टेबलाशी बसून डुलक्या घेई. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, बेरजा सकाळी करा की. त्याला कुठे अक्कल लागते?" मी अदलाबदल केली. वीस वर्षे न झालेला लेख सात महिन्यांत पुरा झाला.

तुम्हालाही करून पाहता येईल. आठ दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. दर दोन तासांनी मनाची तरतरी किती, याला पाचपैकी गुण द्या. खोटे गुण देऊ नका, परीक्षक तुम्हीच आहात. आठ दिवसांनी तुमचा प्रहर कागदावर उमटेल. मग आपल्या कामांची यादी करा आणि स्वतःला विचारा, यातले कुठले काम मी केले नाही तर वर्षाने मला पश्चात्ताप होईल? बहुतेक वेळा ते काम घाईचे नसते, म्हणूनच ते मागे पडते. घाईचे आणि महत्त्वाचे यांतला हा फरक अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४च्या एका भाषणात मांडला होता, तोही दुसऱ्याचे मत म्हणून. ते एक काम आपल्या प्रहरात ठेवा. बिले, फोन, टपाल, आवराआवर ही कामे दुपारच्या सुस्तीला द्या. आणि प्रहर तासाभराचाच निघाला तरी वाईट वाटून घेऊ नका.

पण घरातल्या दुसऱ्या माणसाचा प्रहर कोणता, हेही विचारा. आपली उत्तम वेळ राखताना आपण दुसऱ्या कुणाची तर घेत नाही ना? माझ्या आईच्या त्या दीड तासात मी किती वेळा "आई, भूक लागली" म्हणून शिरलो, त्याचा हिशेब आता लागत नाही.

शेवटी दादांचे सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. संप मागे घेतल्याची घोषणा फारशी झालीच नाही आणि दादांसारखे हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. चोपन्न वर्षांचा माणूस. पहाटे पाचला उठून पायरीवर बसायचा. एकदा मी विचारले, "दादा, कशाची वाट बघताय?" म्हणाले, "भोंगा होत न्हाई, मग दिवस कुठनं धरायचा ते कळंना."

वर्षभराने ते गावी गेले. मी त्यांना शंभर पानी वही दिली आणि म्हटले, गिरणीचे काही आठवत असेल तर लिहून ठेवा. रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकलेला हात. १९९६ साली ते गेल्यावर ती वही मला ट्रंकेत सापडली. एकेचाळीस पाने भरलेली. साच्यांची नावे, जोडीदारांची नावे, कुठल्या साली कुठला मुकादम, बोनसचे भांडण, सगळे आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख आहे आणि तारखेशेजारी वेळही घातली आहे. सगळीकडे पहाटे पाच ते सात.

छत्तीस वर्षांत त्यांना तो प्रहर तीन महिन्यांतून एकदा मिळे, तोही रातपाळीत, साच्यापुढे उभ्याने. पहिल्या पाळीला तो अंघोळीत आणि चालण्यात जाई. दुसऱ्या पाळीला थकल्या झोपेत. एवढे लिहू शकणारा माणूस आमच्या खोलीत राहत होता, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. बहुधा त्यांनाही नसावे.